कपड्यांच्या ब्रँडची सस्टेनेबिलिटी वेबसाइटवर कशी मांडायची: आधी पुरावे, मग डिझाइन

सस्टेनेबिलिटीचं, म्हणजे पर्यावरण आणि कामगारांसाठी ब्रँड काय करतो ते सांगणारं, पेज बनवायचं काम आलं की बहुतेक टीम आधी फिगमा (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडतात, हिरवा रंग निवडतात, शेताचा एक मोठा फोटो वर टाकतात आणि मग कॉपीरायटरला सांगतात की इथे काहीतरी छान लिही. मी पण आधी असंच करायचो. एका ब्रँडसाठी असंच एक पेज केलं होतं, सगळ्यांना आवडलं, लाइव्ह गेलं, आणि थोड्याच दिवसांत एका ग्राहकाने साधा मेल केला की तुम्ही ऑरगॅनिक म्हणताय तर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे. शोधाशोध केली तेव्हा कळलं की फुटरमधला, म्हणजे पेजच्या तळाशी असलेला, लोगो सूतगिरणीच्या सर्टिफिकेटवरून घेतलेला होता, रंगाई आणि शिलाईचे युनिट त्यात नव्हतेच, आणि त्या सर्टिफिकेटची मुदतही संपलेली होती. खोटं बोलायचं कोणाच्या मनात नव्हतं, पण पेज खोटंच होतं, आणि ते काढावं लागलं. तेव्हापासून मी ज्या क्रमाने काम करतो तो क्रम इथे लिहितोय, आणि त्यात डिझाइन बऱ्याच उशिरा येतं.

पायरी १: पुराव्यांची शीट

एक साधी स्प्रेडशीट घ्या. ब्रँड आजवर जिथे जिथे काही बोललाय, म्हणजे जुनी वेबसाइट, टॅग, पॅकिंग, सोशल मीडिया, सेल्सचं प्रेझेंटेशन, तिथलं प्रत्येक वाक्य उचलून एकेका ओळीत टाका. पुढे कॉलम असे: हे वाक्य नेमकं कशाला लागू आहे (एक प्रॉडक्ट, एक कापड, एक कारखाना की पूर्ण कंपनी), पुरावा काय, तो कोणी दिला, कोणाच्या नावावर आहे, कधीपर्यंत चालतो, आणि आपल्या टीममध्ये त्याची जबाबदारी कोणाची. शेवटच्या कॉलममध्ये हिरवा, पिवळा, लाल. हिरवा म्हणजे कागद हातात आहे, पिवळा म्हणजे सप्लायर तोंडी सांगतोय, लाल म्हणजे कुठून आलं कोणालाच माहीत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ "कशाला लागू" या कॉलममध्ये निघतो. एका कापडाची गोष्ट हळूहळू पूर्ण कलेक्शनची होते, मग कंपनीची होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

सर्टिफिकेट वाचायला शिकावंच लागतं, ते दुसऱ्यावर सोडू नका. काही नेहमी लागणाऱ्या गोष्टी सांगतो. गॉट्स, म्हणजे ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड, यात दोन पातळ्या आहेत: किमान ९५ टक्के सर्टिफाइड ऑरगॅनिक तंतू असतील तर माल "ऑरगॅनिक" म्हणून विकता येतो, किमान ७० टक्के असतील तर "ऑरगॅनिक तंतू वापरून बनवलेला" एवढंच म्हणता येतं. आणि साखळीतला प्रत्येक प्रोसेसिंगचा टप्पा सर्टिफाइड असावा लागतो, मधली एक कडी सुटली की शेवटच्या कपड्यावर लोगो लावता येत नाही (माझ्या त्या पेजवर नेमकं हेच झालं होतं). यात स्कोप सर्टिफिकेट आणि ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट असे दोन वेगळे कागद असतात. स्कोप सांगतं की हा कारखाना असा माल बनवायला पात्र आहे, ट्रान्झॅक्शन सांगतं की तुम्ही घेतलेला हा अमुक माल खरंच तसा होता. फक्त पहिला कागद दाखवून सप्लायर मोकळा झाला तर ती ओळ पिवळीच ठेवा.

ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० हे घातक रसायनांच्या चाचणीबद्दल आहे, कापूस ऑरगॅनिक आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही, साधं पॉलिएस्टरही ते मिळवू शकतं. त्याचं सर्टिफिकेट वर्षभर चालतं आणि लेबलवरचा नंबर ऑनलाइन तपासता येतो, तर तपासा. ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्डमध्ये २० टक्के रिसायकल्ड मालापासून सर्टिफिकेट मिळू शकतं, पण ग्राहकाला दिसणाऱ्या लेबलवर लोगो टाकायचा तर किमान ५० टक्के लागतात. आणि बांबू हा शब्द दिसला की थांबाच. बांबूचं म्हणून विकलं जाणारं मऊ कापड बहुतेक वेळा रासायनिक प्रक्रियेने बनलेलं व्हिस्कोस रेयॉन असतं, आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर वॉलमार्ट आणि कोल्स या दोन मोठ्या रिटेल कंपन्यांवर कारवाई केली होती, दोघांचा दंड मिळून ५५ लाख डॉलर.

या शीटला दोन-तीन आठवडे लागतात. लागू द्या, कारण पुढचं सगळं हिच्यावरच उभं राहतं.

पायरी २: शब्द गाळा

आता लाल ओळी काढून टाका. पिवळ्या बाजूला ठेवा. मग उरलेल्या हिरव्या ओळींची भाषा बघा. पर्यावरणपूरक, ग्रीन, इको, नैसर्गिक, जबाबदार, प्लॅनेटसाठी चांगलं, हे शब्द असतील तर तेही काढा, कारण ते वाचून ग्राहकाला काहीच कळत नाही आणि आता कायद्यातही ते अडचणीचे झालेत. युरोपियन युनियनचा २०२४ चा ८२५ नंबरचा डायरेक्टिव्ह (सदस्य देशांना पाळावा लागणारा कायदा) २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होणार असं ठरलेलं आहे, त्यात पुराव्याशिवायचे असे मोघम दावे आणि कोणत्याही सर्टिफिकेशन योजनेवर न आधारलेले घरगुती सस्टेनेबिलिटी लेबल, दोन्हीवर बंदी आहे. फ्रान्समध्ये प्रॉडक्टवर "बायोडिग्रेडेबल" किंवा "पर्यावरणाला अनुकूल" लिहायला आधीपासूनच मनाई आहे. भारतातही ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगवर (पर्यावरणाच्या नावाने केलेल्या फसव्या दाव्यांवर) मार्गदर्शक सूचना आल्यात. वेबसाइट सगळीकडून उघडते, त्यामुळे जिथे जिथे माल पाठवता तिथले नियम वकिलाकडून एकदा बघून घ्या.

शब्द बदलायचा म्हणजे दुसरा गोड शब्द शोधायचा असं नाही, वस्तुस्थिती लिहायची. "पर्यावरणपूरक टी-शर्ट" याच्या जागी "मुख्य कापड १०० टक्के ऑरगॅनिक कापूस, शिवणीचा दोरा पॉलिएस्टर, गळ्याच्या पट्टीत ५ टक्के इलास्टेन (ताणला जाणारा सिंथेटिक तंतू)". हा दोरा लोक कायम विसरतात. बटणं, चेन, अस्तर, प्रिंटची शाई पण विसरतात. आणि हे लिहिल्याने कपडा कमी चांगला वाटत नाही, उलट वाचणाऱ्याला कळतं की इथे कोणीतरी खरंच बसून मोजलंय.

कलेक्शनला "कॉन्शस" सारखं नाव असेल तर त्यात येण्यासाठीची अट काय, ती पहिल्याच स्क्रीनवर लिहा. ब्रिटनच्या कॉम्पिटिशन अँड मार्केट्स अथॉरिटीने २०२२ मध्ये एसॉस, बूहू आणि जॉर्ज अॅट अॅस्डा या कपड्यांच्या ब्रँडची चौकशी सुरू केली, आणि मार्च २०२४ मध्ये या तिघांनी जी लेखी हमी दिली त्यात हेही होतं की अशा रेंजच्या अटी स्पष्ट लिहायच्या आणि सर्च फिल्टर लावल्यावर फक्त त्या अटीत बसणारेच कपडे दिसायला हवेत. म्हणजे फिल्टर हा पण एक दावाच आहे. डेव्हलपरला हे आधीच सांगा, कारण फिल्टरचे टॅग अनेकदा कोणीतरी घाईत हाताने लावलेले असतात.

पायरी ३: कोण येतं आणि काय विचारतं

साधारण तीन प्रकारचे लोक. पहिला फोनवर कपडा बघतोय, घाईत आहे, त्याला एका ओळीत कळलं पाहिजे. दुसऱ्याला शंका आहे, तो दोन मिनिटं देईल पण त्याला नेमकं उत्तर पाहिजे. तिसरा पत्रकार, घाऊक खरेदीदार, विद्यार्थी किंवा कार्यकर्ता, त्याला कागद पाहिजेत. म्हणून तीन थर करा: प्रॉडक्ट पेजवर एक ओळ, तिथेच टॅप केल्यावर उघडणारा छोटा भाग, आणि त्यातून पुढे पुराव्यांचं वेगळं पेज. पहिल्याला तिसऱ्याचा मजकूर दाखवला तर तो पळतो, तिसऱ्याला पहिल्याचा दाखवला तर तो संशय घेतो.

ग्राहकांचे प्रश्न शोधायला सर्व्हे काढायची गरज नाही. कस्टमर केअरमध्ये बसणाऱ्या माणसाला विचारा, गेल्या सहा महिन्यांचे मेल आणि चॅट मागा, साइटवरच्या सर्चमध्ये लोक काय टाइप करतात ते बघा. प्रश्न बहुतेक साधे निघतात: हे कुठे शिवलंय, आटेल का, रंग जाईल का, खराब झालं तर काय करू.

पायरी ४: प्रॉडक्ट पेज, खरं काम इथेच

सस्टेनेबिलिटीचं वेगळं पेज फार कमी लोक उघडतात. निर्णय प्रॉडक्ट पेजवर होतो, म्हणून माहिती साइझ आणि किमतीच्या जवळ हवी, पार खाली रिव्ह्यूच्या मागे नको. मी क्रम असा ठेवतो: कशाचं बनलंय, कुठे बनलंय, कसं जपायचं, कपडा जुना झाला की शेवटी काय करायचं.

"कुठे बनलंय" साठी फ्रान्सच्या नियमातली रचना मला फार उपयोगी वाटते, तुम्हाला तो नियम लागू नसला तरी. त्यात कापड कुठे विणलं, कुठे रंगवलं किंवा छापलं आणि कुठे शिवलं, या तिन्ही देशांची नावं वेगवेगळी द्यावी लागतात, आणि अर्ध्यापेक्षा जास्त सिंथेटिक तंतू असतील तर धुताना प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात हेही लिहावं लागतं. "मेड इन अमुक" या एका ओळीत फक्त शेवटची शिलाई कळते, आणि पाणी आणि रसायनांचा मोठा भाग तर रंगाईत असतो.

नमुना म्हणून पहिल्या थरातली ओळ अशी असू शकते:

"ऑरगॅनिक कापूस (गॉट्स सर्टिफाइड). विणलं, रंगवलं, शिवलं: तीन वेगळ्या ठिकाणी. बघा कुठे."

आणि टॅप केल्यावर:

"विणकाम: कारखान्याचं नाव, शहर, देश. रंगाई: नाव, शहर, देश. शिलाई: नाव, शहर, देश, कामगार किती, आपण यांच्यासोबत किती वर्षं. सर्टिफिकेट नंबर आणि कधीपर्यंत चालू. शेवटचं अपडेट: तारीख."

एवढंच. इथे विशेषणं नकोत, गोष्ट नको, व्हिडिओ नको. स्वतःचा गोल हिरवा बॅज तर बिलकुल बनवू नका, तो सर्टिफिकेटसारखा दिसतो आणि लोक फसतात. खरे लोगो वापरताना सुद्धा बाजूला एका वाक्यात लिहा की हा लोगो काय सांगतो आणि काय सांगत नाही, उदाहरणार्थ "घातक रसायनांची चाचणी झाली आहे. कापूस ऑरगॅनिक असल्याचं हे सर्टिफिकेट नाही."

पायरी ५: साखळी दाखवा, तुटलेल्या जागांसकट

एका साध्या सुती टी-शर्टमागे शेत, जिनिंग (सरकी वेगळी करणं), सूतगिरणी, निटिंग, रंगाई, कटिंग, शिलाई एवढे टप्पे असतात. धंद्याच्या भाषेत शिलाई म्हणजे टियर १, कापड आणि रंगाई टियर २, सूत टियर ३, शेत टियर ४, कंपनीनुसार थोडं इकडंतिकडं होतं. बहुतेक ब्रँडना टियर १ माहीत असतो आणि जसजसं मागे जावं तसतसं अंधुक होत जातं.

हे का दाखवायचं याचं कारण मला नेहमी राणा प्लाझापाशी घेऊन जातं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरमध्ये ती इमारत कोसळली, ११३४ माणसं गेली, आणि तिथे कोणाकोणाचे कपडे शिवले जात होते हे कळायला लोकांना ढिगाऱ्यात लेबलं शोधावी लागली. त्यानंतर फॅशन रिव्होल्यूशन या चळवळीने "माझे कपडे कोणी बनवले" हा प्रश्न जगभर नेला. कारखान्यांची यादी देणं ही काही फार नवी गोष्टही नाही, नायकीने ती २००५ मध्येच जाहीर केली होती, आणि पॅटागोनियाने २००७ मध्ये फुटप्रिंट क्रॉनिकल्स नावाने वेबसाइटवर प्रॉडक्टचा प्रवास दाखवायला सुरुवात केली होती.

डिझाइनच्या बाजूने बोलायचं तर जगाचा फिरणारा नकाशा मीटिंगमध्ये भारी दिसतो आणि फोनवर त्रास देतो, बोट लावलं की पेज सरकायच्या ऐवजी नकाशाच सरकतो. मी उभी यादी करतो, वरून खाली टप्पे, प्रत्येक टप्प्यावर नाव आणि ठिकाण, आणि जिथे माहिती नाही तिथे ती पायरी गाळत नाही, तुटक रेष काढून लिहितो "इथपर्यंत अजून पोचलो नाही." ती तुटक रेष काढायला क्लायंट घाबरतात. माझा अनुभव असा की लोक तिथेच जास्त विश्वास ठेवतात. कारखान्यांची यादी डाउनलोड करता येईल अशी ठेवा, फक्त इमेज म्हणून चिकटवू नका, आणि ओपन सप्लाय हबवर (जगभरच्या कारखान्यांची खुली ऑनलाइन यादी) प्रत्येक कारखान्याला एक आयडी मिळतो तो सोबत दिला की नावांच्या स्पेलिंगचा घोळ मिटतो.

कामगारांचे फोटो टाकणार असाल तर त्यांच्या भाषेत समजावून परवानगी घ्या आणि मॅनेजर समोर उभा असताना घेऊ नका. नुसते हसरे चेहरे टाकून वेतनाबद्दल एक ओळही नसेल तर ते फोटो न टाकलेलेच बरे.

पायरी ६: आकडे

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. पहिला नियम, इंटरनेटवर फिरणारे आकडे उचलू नका. एक किलो कापसाला २०,००० लिटर पाणी लागतं हे वाक्य किती ठिकाणी वाचलं असेल, पण डेनिम उद्योगातल्या ट्रान्सफॉर्मर्स फाउंडेशन या संस्थेने २०२१ मध्ये कापसाबद्दलच्या अशा आकड्यांचा माग काढला तेव्हा दिसलं की बरेच जुने आहेत किंवा संदर्भातून तोडलेले आहेत. पाणी पावसाचं की कालव्याचं, कुठल्या भागातलं, यावर सगळं अवलंबून असतं.

दुसरं, सरासरी आकडा आपल्या कपड्याचा म्हणून सांगू नका. नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने २०२२ मध्ये नोरोना या ब्रँडला हेच सांगितलं, हिग इंडेक्सच्या (कापडांचा पर्यावरणावरचा परिणाम मोजायचं उद्योगातलं साधन) सरासरी डेटावरून एका टी-शर्टचा पर्यावरणीय फायदा सांगणं दिशाभूल करणारं आहे म्हणून, आणि एच अँड एमलाही तसा इशारा दिला.

तिसरं, टक्केवारी कधी एकटी सोडू नका. "कार्बन उत्सर्जन ३० टक्के कमी" म्हणजे कुठल्या वर्षाच्या तुलनेत, एकूण की दर कपड्यामागे, आणि स्कोप कोणता (इथे स्कोप म्हणजे उत्सर्जन मोजायची हद्द, वरचं स्कोप सर्टिफिकेट नाही)? स्कोप १ म्हणजे आपण स्वतः जाळलेलं इंधन, स्कोप २ विकत घेतलेली वीज, स्कोप ३ बाकी सगळी साखळी. कपड्यांच्या ब्रँडचा माल सहसा दुसऱ्यांच्या कारखान्यात बनतो, म्हणून सगळ्यात मोठा भाग स्कोप ३ मध्ये असतो, आणि फक्त ऑफिसची वीज बदलून "आमचं उत्सर्जन निम्मं झालं" म्हणणं वाक्य म्हणून खरं असलं तरी ग्राहकाच्या डोक्यात खोटं चित्र उभं करतं. दर कपड्यामागे कमी झालं पण कपडे दुप्पट विकले तर एकूण वाढलंच, दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवा. ऑफसेट, म्हणजे दुसरीकडे कुणी उत्सर्जन कमी केल्याचं क्रेडिट, विकत घेऊन "कार्बन न्यूट्रल शर्ट" म्हणणं तर युरोपच्या त्याच डायरेक्टिव्हने बंदच केलंय.

चार्ट साधे बार ठेवा, उभा अक्ष शून्यापासून सुरू करा. "इतके बाथटब पाणी वाचलं", "इतकी झाडं लावल्यासारखं" अशा तुलना टाळा.

पायरी ७: जपणं, दुरुस्ती, परत घेणं

हा भाग लोक शेवटी कुठेतरी टाकतात, मला तो फार महत्त्वाचा वाटतो कारण ग्राहक स्वतः काही करू शकतो असा हाच एक भाग आहे. वॉशकेअरची चिन्हं शब्दांत लिहा, थंड पाण्यात धुवा, उलटा करून वाळवा, बटण तुटलं तर असं लावा. त्यासाठी स्वतंत्र लिंक द्या आणि टॅगवर क्यूआर कोड छापा, म्हणजे कपडा घरी आल्यावर दोन वर्षांनी सुद्धा ते पेज उघडेल. मग अर्थात ती लिंक मरू द्यायची नाही, प्रॉडक्ट संपलं तरी पेज जिवंत ठेवायचं. जुना कपडा परत घेत असाल तर पुढे त्याचं काय होतं, किती परत विकले जातात, किती रिसायकल होतात, ते लिहा. माहीत नसेल तर "परत घेतो" एवढंच लिहा, रिसायकल शब्द वापरू नका.

पायरी ८: साइट स्वतः हलकी आणि वाचता येणारी

फिकट हिरव्यावर पांढरी अक्षरं, ही या विषयातली ठरलेली चूक. अॅक्सेसिबिलिटीच्या डब्ल्यूसीएजी नियमात साध्या मजकुराला ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागच्या रंगातला फरक) लागतो, ऑनलाइन चेकरमध्ये टाकून बघा. आपोआप सुरू होणारा शेताचा व्हिडिओ काढा, फोटो एव्हीआयएफ किंवा वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये द्या, सर्टिफिकेटची माहिती फक्त पीडीएफमध्ये न कोंबता पेजवर मजकूर म्हणून पण द्या.

पायरी ९: टेस्ट, पण उलटा प्रश्न विचारून

पाच-सहा जणांना पेज दाखवा. "समजलं का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. पेज बंद करा आणि विचारा, "या कपड्याबद्दल तुम्ही मित्राला काय सांगाल?" आणि उत्तर पुराव्यांच्या शीटशी ताडून बघा. कोणी म्हणालं की यांचे सगळे कपडे ऑरगॅनिक आहेत, आणि शीटमध्ये फक्त एक कापड आहे, तर शब्द बरोबर असूनही डिझाइन चुकलंय. बहुतेक वेळा दोष हेडलाइनचा किंवा फोटोचा निघतो. अक्षरं खरी बोलत असतात आणि चित्र त्यापेक्षा जास्त बोलून जातं.

पायरी १०: सीएमएस मध्ये दाव्यांना मुदत

लाँचनंतर सहा महिन्यांनी पेज शिळं होतं, सप्लायर बदलतो, सर्टिफिकेट संपतं, आणि कोणी बघत नाही. म्हणून दावे पेजवर हाताने टाइप करू नका. सीएमएस (वेबसाइटचा मजकूर सांभाळणारी सिस्टिम) मध्ये प्रत्येक दावा एक वेगळी नोंद म्हणून ठेवा, तीच शीट तिथे आणायची: वाक्य, लागू कशाला, पुरावा, मुदत, जबाबदार माणूस. प्रॉडक्ट पेज, फिल्टर, फुटर, सगळीकडे तीच एक नोंद दिसली पाहिजे, म्हणजे एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं. मुदतीच्या ६० दिवस आधी जबाबदार माणसाला मेल जाऊ दे, आणि नवीन कागद आला नाही तर त्या तारखेला दावा आणि लोगो आपोआप उतरू दे. त्या जागी रिकामं ठेवू नका, "सर्टिफिकेटचं नूतनीकरण चालू आहे, तोवर हा दावा काढला आहे" अशी ओळ आणि तारीख येऊ दे, आणि पुराव्यांच्या पेजवर सगळ्यात खाली बदलांची यादी ठेवा, काय काढलं, काय जोडलं, कधी आणि का, जुनी नोंद न पुसता.